शुल्क शून्य, कागद शंभर

वरुड-मोर्शीचा संत्रा लंडनला पाठवायचा असेल, तर आज त्याच्यासोबत फायटो लागत नाही. फायटो म्हणजे फळ रोग-किडीपासून मुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. तोच संत्रा खाडीपलीकडे फ्रान्सला किंवा हॉलंडला न्यायचा म्हटलं, की फायटो हवं, आणि त्यावर खैऱ्या रोगाबद्दलची जादा नोंदही हवी: माल रोगमुक्त भागातला आहे, किंवा ठरवून दिलेली तपासणी आणि प्रक्रिया झालेली आहे. २०२० च्या डिसेंबरपर्यंत दोन्हीकडे नियम एकच होता.

हा फरक पडला तो ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं म्हणून. स्पेन, इटली, ग्रीस या देशांत संत्र्या-लिंबाच्या मोठ्या बागा आहेत. बाहेरून खैऱ्या किंवा काळ्या ठिपक्यांचा रोग आत येऊ नये म्हणून संघाने कडक अट घातलेली आहे. ब्रिटनच्या थंडीत संत्र्याची व्यापारी बाग होत नाही. तरीही संघात असताना स्पेनच्या बागेसाठी केलेला नियम लंडनच्या बंदरावर पाळावा लागायचा, कारण तिथे उतरलेली पेटी पुढे विनातपासणी स्पेनपर्यंत जाऊ शकत होती. बाहेर पडल्यावर ब्रिटनने २०२१ मध्ये ही अट काढून टाकली. दक्षिण आफ्रिकेच्या बागायतदारांनी लगेच तिचं स्वागत केलं.

बाहेर पडण्याचा हा खरा, मोजता येणारा फायदा आहे आणि तो मी मुद्दाम आधी सांगतो आहे. आपल्याकडे ब्रेक्झिटवर बोलताना एक तर 'इंग्रजांची खोड मोडली' असा सूर लागतो, नाही तर 'देश स्वतंत्र झाला' असा. दोन्हींतून काही हाती लागत नाही. नफा-नुकसान पाहायचं असेल तर बंदरावर, नाक्यावर आणि कागदावर पाहावं लागतं.

युरोपीय संघात दोन वेगळ्या गोष्टी एका मोळीत बांधलेल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं उलगडत नाही. पहिली सीमाशुल्क संघाची: आतल्या देशांत एकमेकांच्या मालावर शुल्क नाही, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क सारखंच. दुसरी एकल बाजारपेठेची: फवारणीच्या औषधाचा फळात किती अंश चालेल, लेबलवर काय छापायचं, यंत्र किती सुरक्षित असावं, याचे नियम सगळीकडे एकच. एका देशात पास झालेला माल दुसऱ्या देशात पुन्हा तपासायचा नाही. माणसांनी कुठेही जाऊन काम करायची मुभा याच दुसऱ्या भागात येते.

आपल्याला हे जीएसटीवरून चटकन समजेल. राज्यघटनेचं कलम ३०१ देशभर व्यापार मोकळा असल्याचं सांगतं, पण राज्यांच्या सीमेवर विक्रीकराचे नाके होते तोवर ट्रकवाल्याला तो मोकळेपणा दिसत नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाके उठले, आणि ट्रकचे तास वाचले. करही कमी-जास्त झाले असतील, पण वाहतूकदाराला पहिला फरक जाणवला तो थांबण्याचा. ब्रिटनने नेमका याच्या उलट प्रवास केला. २४ डिसेंबर २०२० ला संघाशी बाराशेहून जास्त पानांचा व्यापार करार झाला आणि आठवड्याभरात, १ जानेवारी २०२१ ला, तो तात्पुरता लागूही झाला. या करारात दोन्हीकडच्या मालावर शुल्क शून्य आहे, कोटाही नाही. शुल्क शून्य म्हणजे काहीच बदललं नाही, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं.

बदललं काय, ते एका पेटीपुरतं पाहू. इंग्लंडमधला एखादा छोटा चीज बनवणारा घ्या. २०२० मध्ये फ्रान्समधल्या दुकानाची ऑर्डर आली की तो पेटी भरायचा, बिल लावायचा, कुरिअरला द्यायचा. इंग्लंडातल्याच दुसऱ्या गावी पाठवण्याइतकं ते सोपं होतं. आता त्याला आधी निर्यातदाराचा ईओआरआय क्रमांक लागतो. मालाचा वर्गीकरण कोड अचूक शोधावा लागतो. ब्रिटनमध्ये निर्यातीचं आणि फ्रान्समध्ये आयातीचं अशी दोन घोषणापत्रं भरावी लागतात. चीज प्राणिजन्य पदार्थ असल्याने निर्यात आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यावर सरकारमान्य पशुवैद्याची सही आणि शिक्का हवा, आणि माल ज्या देशात शिरतो त्या देशाच्या भाषेतही ते हवं. माल पोहोचण्याआधी संघाच्या ट्रेसेस या संगणक प्रणालीत सूचना द्यावी लागते. मग माल कुठूनही आत जात नाही, पशुवैद्यकीय तपासणीची सोय असलेल्या ठरावीक नाक्यावरूनच जातो. एका पानावरचा शिक्का राहिला, कोड आणि बिलावरचं वर्णन जुळलं नाही, की पेटी परत, नाही तर नष्ट.

पशुवैद्याच्या प्रमाणपत्राला दीडशे-दोनशे पौंड सहज जातात. यात मेख अशी की हा खर्च मालाच्या किमतीवर बेतलेला नाही, खेपेवर बेतलेला आहे. दोन लाख पौंडांच्या कंटेनरला दोनशे पौंड म्हणजे काहीच नाही. तीस पौंडांच्या पेटीला दोनशे पौंड म्हणजे धंदा बंद. शुल्क टक्क्यांत असतं, ते मोठ्याला आणि छोट्याला सारखंच चावतं. कागदाचा खर्च ठोक असतो, तो छोट्याला गिळतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी हिशेब काढला तेव्हा दिसलं, की नव्या करारानंतर सुमारे १६,४०० ब्रिटिश व्यवसायांनी संघातल्या देशांना माल पाठवणंच सोडून दिलं. संघाला निर्यात करणाऱ्यांपैकी हे साधारण १४ टक्के. त्यात बहुतेक छोटेच. मोठ्या कंपन्यांची निर्यात मात्र फारशी हलली नाही. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आता पॅलेट. माल ज्या लाकडी चौकटीवर रचतात ती. परदेशी लाकडातून पोखरकिडे येऊ नयेत म्हणून आयएसपीएम-१५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे आणि तसा शिक्का लाकडावर पाहिजे. आपल्या निर्यातदारांना हा शिक्का जुना आहे. संघातल्या देशांना आपसात मात्र तो लागत नाही. ब्रिटन बाहेर पडलं आणि त्यांच्या ट्रकमधल्या प्रत्येक लाकडी पॅलेटला एका रात्रीत तो लागू झाला. माल चोख, कागद चोख, आणि खालचं लाकूड बिनशिक्क्याचं, म्हणून गाडी अडायची.

त्यात एकत्र भरलेल्या गाडीची अडचण वेगळीच. छोट्या व्यापाऱ्याला पूर्ण ट्रक भरता येत नाही, म्हणून दहा-वीस जणांचा माल एका गाडीत जातो. त्यातल्या एकाचं प्रमाणपत्र चुकलं तरी अख्खी गाडी उभी. मासे, मांस, भाजी असेल तर इतर एकोणीस जणांचा मालही उतरतो. मग वाहतूकदार छोट्यांचा माल घ्यायलाच नको म्हणतात. नियमात कुठेही 'छोट्याला बंदी' असं लिहिलेलं नाही, तरी व्यवहारात ती आपोआप पडते.

उलट्या दिशेला काय झालं तेही बोलकं आहे. संघाने पहिल्या दिवसापासून ब्रिटिश माल तपासायला घेतला. ब्रिटनकडे तपासायला माणसं नव्हती, नाके बांधून झाले नव्हते, आणि महागाईची भीती होती. त्यांनी आपली तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. अखेर आरोग्य प्रमाणपत्राची सक्ती ३१ जानेवारी २०२४ ला आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला सुरू झाली. म्हणजे तीन वर्षं फ्रेंच शेतकऱ्याचा माल इंग्लंडात जवळजवळ बिनदिक्कत येत होता आणि इंग्लिश शेतकऱ्याचा माल फ्रान्सच्या दारात उभा होता. तपासणी सुरू झाल्यावर डोव्हर बंदराच्या वाटेने येणाऱ्या प्राणिजन्य आणि वनस्पतिजन्य मालावर खेपेमागे १४५ पौंडांपर्यंत शुल्क बसलं. ते शेवटी खाणाऱ्याच्याच खिशातून जातं. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२३ या काळात अशा अडथळ्यांमुळे एका ब्रिटिश कुटुंबाचं खाण्याचं बिल सरासरी २५० पौंडांनी वाढलं, असा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचाच अंदाज आहे. गरीब कुटुंबाच्या मिळकतीतला मोठा वाटा खाण्यावर जातो, म्हणून भारही त्यांच्यावरच जास्त.

'मूळ देशा'चा नियम आपल्याला थेट लागतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. करारातलं शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात बनलेल्या मालाला आहे. समजा यवतमाळचा कापूस, त्याचं सूत, त्याचा तिरुपूरला शिवलेला शर्ट. हा शर्ट आधी लंडनच्या गोदामात उतरायचा, शुल्क एकदाच भरायचा, आणि तिथून डब्लिन, पॅरिस, बर्लिन कुठेही जायचा. आता तो लंडनला उतरला की ब्रिटनचं शुल्क, आणि तिथून डब्लिनला गेला की संघाचं शुल्क पुन्हा. लंडनहून निघाला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. मूळ देश भारतच राहतो. इंग्लंडातल्या गोदामात त्याला नुसती घडी घालून नवी पिशवी चढवली, तरीही नाही. म्हणून कपड्याच्या आयातदारांनी गोदामं दोन केली, एक इंग्लंडात आणि एक नेदरलँड्स, बेल्जियम किंवा आयर्लंडमध्ये. भारतातून निघतानाच माल दोन भागांत वाटला जातो. ऑर्डरी लहान झाल्या, लेबलं दोन झाली. १३ डिसेंबर २०२४ पासून संघात विकायच्या बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंवर संघातल्याच जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता लागतो. लंडनचा पत्ता चालत नाही. सेंद्रिय मालाचंही तसंच: संघाचं तपासणी प्रमाणपत्र वेगळं, ब्रिटनचं वेगळं.

याची दुसरी बाजूही आहे. संघात असताना ब्रिटनला कुणाशी स्वतःचा व्यापार करार करता येत नव्हता. भारत आणि संघाची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला अडली, जून २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये कुठे पूर्ण झाली. ब्रिटनशी बोलणी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि २४ जुलै २०२५ ला सह्याही झाल्या. त्या करारात भारताच्या ९९ टक्के मालप्रकारांवर ब्रिटनचं शुल्क शून्य करायचं ठरलं आहे. कपड्यांवर ते ८ ते १२ टक्के होतं. बदल्यात आपण स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणणार. सत्तावीस देशांची संमती गोळा करण्यापेक्षा एका देशाशी बोलणं सोपं पडतं, हे यातून दिसतंच.

पण त्याने आपल्या कापसाचा भाव चढेल का? एका क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची गाठ १७० किलोची. शर्टाच्या किमतीत त्यातल्या रुईचा वाटा फार लहान असतो, म्हणून शर्टावरचे दहा टक्के वाचले तरी त्यातलं कास्तकाराच्या वावरापर्यंत काही पोहोचलंच, तर ते चिमूटभर. आपल्या बाजारातला भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर, सरकीच्या दरावर आणि सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीवर हलतो. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने रुईच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि नंतर ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कापूस घरात यायच्या हंगामाला त्या एका निर्णयाची जी झळ लागली, तेवढी लंडनच्या कुठल्याही कराराने लागणार नाही.

कापसावरून आणखी एक धागा निघतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस आटला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे १८६७ ला नागपूरला आली, १८७० ला खामगावला फाटा आला, तो याच कापसासाठी. त्या लँकेशायर भागातली गिरण्यांची गावं २०१६ च्या सार्वमतात कशी गेली ते पाहा. बर्नलीत ६६.६ टक्के लोक बाहेर पडण्याच्या बाजूचे. ओल्डहॅममध्ये ६०.९ टक्के. मँचेस्टर शहरात मात्र ६०.४ टक्के लोक संघात राहण्याच्या बाजूचे. अंतर थोड्या किलोमीटरांचं. मँचेस्टरला विद्यापीठं, बँका, नवे उद्योग आले. बर्नलीला गिरणीच्या जागी तसं काही आलं नाही. गिरण्या संघामुळे बुडाल्या नव्हत्या, त्या कित्येक वर्षं आधीपासून आशियातल्या स्वस्त कापडापुढे हरत होत्या. पण ज्या गावाला चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, त्याला एक दिवस हो-नाहीचा कागद मिळाला की ते सगळा साठलेला राग त्यावर उमटवतं. हिंगणघाट-बडनेऱ्याच्या जुन्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

देशभरात निकाल लागला ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, तारीख २३ जून २०१६. दुसऱ्या दिवशी पौंड दीड डॉलरवरून १.३३ डॉलरच्याही खाली घसरला, १९८५ नंतरच्या नीचांकावर. आयात महागली. ब्रिटनच्या सरकारी अर्थसंकल्पावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा अंदाज असा, की संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. एका वर्षाची मंदी लोकांना दिसते. दरवर्षी थोडं कमी वाढत जाणं दिसत नाही. ओलिताचं वावर हळूहळू चोपण होत जातं तसं ते असतं.

राजकीय गोंधळाचं मूळ प्रश्नपत्रिकेत होतं. मतपत्रिकेवर विचारलं होतं: संघात राहायचं की बाहेर पडायचं? 'राहायचं' याचा अर्थ एकच होता. 'बाहेर पडायचं' याचे निदान तीन होते. नॉर्वेसारखं: संघाबाहेर, पण एकल बाजारपेठेत, म्हणजे नियम पाळायचे, पैसे भरायचे, मत द्यायचा हक्क नाही. तुर्कीसारखं: बहुतेक मालापुरतं सीमाशुल्क संघात. कॅनडासारखं: फक्त व्यापार करार. यातलं कुठलं हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, आणि आणखी दोनदा पडला. २७ मार्चला संसदेने आठ पर्याय मताला टाकले. आठपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही. बाहेर पडायची तारीख तीनदा पुढे गेली. ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडले, आणि जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत देशाने सहा पंतप्रधान पाहिले.

सगळ्यात नाजूक गाठ उत्तर आयर्लंडची. तो ब्रिटनचा भाग, आणि त्याला लागून असलेला आयर्लंड देश मात्र संघात. नरखेडहून पांढुर्ण्याला जावं तसे तिथले लोक रोज सीमा ओलांडतात: दूध एका बाजूला निघतं, डेअरी दुसऱ्या बाजूला. सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथला तीस वर्षांचा हिंसाचार थांबला, त्यात सीमेवरचे पहारे उठणं महत्त्वाचं होतं. ब्रिटन बाहेर पडल्यावर हीच रेषा संघाची बाहेरची सीमा झाली. नाका कुठे तरी बसवायलाच हवा. जमिनीवर बसवला तर शांतता धोक्यात, समुद्रात बसवला तर ब्रिटनच्याच दोन भागांत भिंत. बसवला समुद्रात. मग ब्रिटनशी एकनिष्ठ असलेला डीयूपी पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारातून बाहेर पडला आणि दोन वर्षं विधानसभा ठप्प झाली. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर चौकट या ब्रिटन-संघ समझोत्याने उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालाला हिरवी रांग आणि पुढे आयर्लंडात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल रांग अशी वाट काढली. म्हणूनच ब्रिटिश दुधाच्या डब्यावर 'संघात विक्रीसाठी नाही' असा ठसा दिसतो. ३ फेब्रुवारी २०२४ ला मिशेल ओनील तिथल्या पहिल्या आयरिश राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या. स्कॉटलंडचं दुखणंही ताजं झालं: तिथे ६२ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं होतं, तरी बाहेर पडावं लागलं.

आपल्या अनुशेषाच्या भाषेत कळेल अशी एक गोष्ट आता. वेस्ट वेल्स आणि कॉर्नवॉल हे ब्रिटनमधले मागास भाग. संघाचा निधी त्यांना सूत्राने मिळायचा: दरडोई उत्पन्न अमुक टक्क्यांच्या खाली, तर अमुक वाटा, सात वर्षांसाठी बांधलेला. कॉर्नवॉलने तरीही ५६.५ टक्क्यांनी बाहेर पडायला मत दिलं. बाहेर पडल्यावर त्या निधीच्या जागी लंडन सरकारचा 'सामायिक समृद्धी निधी' आला, तीन वर्षांसाठी २.६ अब्ज पौंडांचा. सूत्र गेलं, वाटप लंडनच्या हातात गेलं, आणि पुढच्या वर्षी किती मिळणार हे आधी सांगता येईना. ३० एप्रिल २०२० ला विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत संपली, तेव्हा आपल्याकडेही हेच झालं होतं. हक्काचं सूत्र गेलं की अर्ज-विनंतीचे दिवस येतात.

इथेच एक गैरसमज दूर करतो, कारण पारावरच्या गप्पांत तो हमखास येतो. वेगळा विदर्भ म्हणजे ब्रेक्झिट नव्हे. राज्य वेगळं झालं तरी चलन, जीएसटी, सीमाशुल्क, सर्वोच्च न्यायालय सगळं तेच राहतं. नागपूर-पुणे रस्त्यावर नाका बसत नाही. त्याची तुलना करायची तर २ जून २०१४ च्या तेलंगणाशी करा: मालमत्ता, कर्ज, पाणी, कर्मचारी यांच्या वाटणीशी. विदर्भाच्या बाजूने बोला किंवा विरोधात, पण उदाहरण बरोबर घ्या.

शेतीत दोन बदल झाले. संघात असताना इंग्लंडच्या शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रावर हेक्टरी साधारण २३० पौंड थेट मिळायचे. २०२१ पासून ते उतरवत २०२७ पर्यंत संपवायचे ठरले. बदल्यात कुंपणझाडी, माती, पाणी राखल्याबद्दल पैसे. कल्पना चांगली आहे, पण यातली मुख्य योजना ११ मार्च २०२५ ला पैसे संपले म्हणून नव्या अर्जांना अचानक बंद झाली. दुसरा बदल मजुरांचा. स्ट्रॉबेरी तोडायला रोमानिया-बल्गेरियाची माणसं परवाना न लागता यायची. मेळघाटातून सोयाबीन सोंगायला येणाऱ्या मजुराला व्हिसा, एजंट आणि विमानाचं तिकीट लागलं तर काय होईल, तेच तिथे झालं. हंगामी मजुरांचे व्हिसा २०१९ मध्ये २,५०० होते, २०२३ मध्ये ४५,००० करावे लागले, आणि माणसं आता किर्गिझस्तान, ताजिकिस्तानहून येतात.

स्थलांतर कमी होईल म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतराचा ९ लाखांच्या वरचा आकडा पाहावा लागला. युरोपचे लोक घटले, भारत-नायजेरियाचे वाढले. मग दार पुन्हा ओढून घेतलं. कर्ज काढून मुलाला तिकडे एम.एस्सी.ला पाठवणाऱ्या घरांनी हे नीट पाहावं: जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडता जोडीदाराला नेता येत नाही. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांची होणार आहे. कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. कर्जाचा हप्ता या १८ महिन्यांत कसा फेडणार, तो हिशेब आधी मांडा.

परत संत्र्याकडे येतो. १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि संघ यांनी खाद्यपदार्थ आणि वनस्पती-आरोग्याच्या नियमांसाठी नवा करार करायचं ठरवलं. त्यात संघाचे बदलते नियम ब्रिटन पाळत जाणार. चीजवाल्याचे कागद त्याने कमी होतील. पण तसं झालं की स्पेनच्या बागांसाठीचा फायटोचा नियम लंडनला परत येण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ही सवलत कायमची धरून कुणी गुंतवणूक करू नये. शिवाय फायटो लागत नसलं तरी आपला नागपुरी संत्रा तिकडे सहज खपत नाही, कारण त्याला बिया आहेत, साल सैल आहे, आणि समुद्रमार्गे लागणाऱ्या महिनाभरात ६-७ अंश तापमान आणि ९०-९५ टक्के आर्द्रता सलग राखावी लागते.

तरीही कुणी नमुन्याची खेप काढत असेल, तर फवारणीची वही बाजारानुसार वेगळी ठेवा. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडीन या कीटकनाशकांची फळातली मर्यादा संघाने ७ मार्च २०२६ पासून सगळ्या पिकांसाठी मोजता येणाऱ्या किमान पातळीवर आणली आहे, मधमाश्या वाचवण्यासाठी. हा बदल ब्रिटनला आपोआप लागू होत नाही. नवा करार झाला तर होऊ शकतो. संत्र्यावरच्या सिट्रस सायला या किडीवर आपल्याकडे थायामेथोक्झाम सर्रास मारतात. आंबिया बहाराच्या ज्या ओळींतला माल हॉलंडच्या रॉटरडॅम बंदराला जायचा आहे, त्या ओळी फूल येण्याआधीच वेगळ्या करा, त्यांच्या खोडांना रंगाची पट्टी मारा, पंप धुऊन घ्या, आणि तोडणीआधी अंशाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत संघाच्या यादीनुसार करून मागा, ब्रिटनच्या नव्हे.